उपासातली आठ गाणी

“सोडलंस ते सोडलंस. आता कुणाला सांगत फिरू नकोस. कुणी विचारलंच तर विषय बदल. विषय बदलता येत नसेल तर खोक.” अबूना मत्तियास एवढं म्हणाले आणि लगेच स्वतःच खोकले, त्यामुळे आमच्या या म्हाताऱ्या धर्मगुरूंनी काय सोडलं असेल हा विचार ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात शिरला, आणि पापकबुलीला गेलेली मी एक पाप जास्तीचं घेऊन बाहेर आले. त्यांचा तो घोगरा आवाज मला शुक्रवारी सकाळी ऐन प्रार्थनेत आठवला. आठवायला कारणही तसंच घडलं. बायकांच्या बाजूला खांबाशेजारी डोळे मिटून मी उभी होते, सगळ्यांबरोबर ‘प्रभो, दया कर’ म्हणत होते, आणि एकाएकी मला कळलं की माझ्या तोंडून निघतेय ती चाल आपली नाही. आपली चाल संथ, वाळवंटातून पायी निघालेल्या माणसासारखी. तिला पोचायची घाई नसते. ही चाल कमरेतून हलत होती. ‘दया’वर लहानशी गिरकी आणि ‘कर’वर अशी जागा, की हात आपोआप टाळीला यावेत. मी डोळे उघडले. शेजारच्या फिफीबाईंनी ती गिरकी माझ्याकडून उचलली होती. फिफीबाईंचा आवाज घंटेवर मात करणारा, त्यामुळे त्यांनी उचललं ते मागच्या दोन बाकांनी उचललं, आणि झांजवाल्या पोराला उपास सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मनासारखा ठेका सापडल्यामुळे तो जीव ओतून वाजवायला लागला. अबूना वेदीकडे तोंड करून होते. त्यांची पाठ किंचित थबकली, आणि पुढची ओळ त्यांनी जरा लवकर घेतली. प्रार्थना संपल्यावर फिफीबाई माझा दंड धरून म्हणाल्या, “तासोनी ओडेट,” तासोनी म्हणजे आमच्यात ताई, “ही चाल कुठल्या मठातली हो? फार जुनी वाटते.” मी खोकले.

कुठल्या मठातली नव्हे, ती नसीमची होती. त्याच्या नव्या अल्बमातल्या ‘मीठ’ या गाण्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवाला आहे, तो ईदच्या दिवसापासून सकाळी पहिला पेरू सोलायला घेतो तिथपासून दुकान धुईपर्यंत हेच लावतो. मी कानात कापूस घालून जाते. पण कापूस कानात घातला तरी चाल पायातून वर येते हे मला साठी गाठल्यावर कळलं. आणि मी सोडलं होतं ते नेमकं हेच. तूप, दूध, अंडी, मांस हे तर उपासात सगळेच सोडतात, आणि खरं सांगायचं तर त्यात माझं काहीच जात नाही. मला वालाची उसळ आणि तिळाची चटणी बारा महिने चालते. सोडायचं तर जिथे दुखेल असं काहीतरी सोडावं म्हणून मी गाणी सोडली. स्वयंपाकघरातला रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवला, रुसलेल्या माणसासारखा. रोज उठल्यावर स्तोत्रं, दुपारी स्तोत्रं, झोपताना स्तोत्रं, आणि मध्ये गाणं नाही, ईस्टरपर्यंत नाही. हे माझ्या मैत्रिणीच्या, कौसरच्या, डोळ्यासाठी. तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा आधीपासूनच अधू. म्हणजे जे काय आहे ते या उजव्याच्या भोकाभोवती आहे. भोक बुजलं तर बुजलं, नाही तर नाही, असं तो डॉक्टर खांदे उडवून म्हणाला, तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर मी मनातल्या मनात नवस बोलून टाकला. आता तो नवस प्रार्थनेतच सांडला होता. परमेश्वर हिशेब कसा धरत असेल? ऐकलेलं गाणं आणि कानावर पडलेलं गाणं, यांत तो फरक करत असेल अशी मी आशा धरली. पण म्हटलेलं? तेही त्याच्याच दारात, आणि दोन बाकांना बरोबर घेऊन?

गाणी आणि कौसर मला वेगळी काढता येत नाहीत, अडचण ती आहे. लहानपणी इब्राहिमिया भागातल्या एका इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि कौसरच्या घरचे चौथ्यावर. तिचा भाऊ बोटीवर होता, त्याने टेपरेकॉर्डर आणला. माझी आई नन्सच्या शाळेत ग्रंथपाल, पुढे मीही तिथेच लागले, म्हणून पुस्तकं आमच्याकडे. भाजी वर घ्यायला प्रत्येक सज्ज्यातून दोरीला टोपली असायचीच. कौसर टोपलीतून कॅसेट खाली सोडायची, मी कॅसेट काढून घेऊन पुस्तक ठेवायचे आणि दोरीला हिसका द्यायचे. दर उन्हाळ्यात नसीमची नवी कॅसेट यायची, तशी कैऱ्या येतात, माश्या येतात, परीक्षेचे निकाल येतात. आणि कधीतरी, कुणी आधी सुरुवात केली आठवत नाही, असं ठरलं की पुस्तक कुठलंही पाठवायचं नाही. ज्या गाण्याला जे शोभेल तेच पाठवायचं. पटलं नाही तर टोपली तशीच खाली यायची, पुस्तकासकट. एकदा विरहाच्या गाण्याला मी एका वाळवंटातल्या संताचं चरित्र पाठवलं, तर टोपलीबरोबर वरून आवाज आला, “अगं, याला कुणी सोडून गेलेलंच नाही, हाच सगळ्यांना सोडून गेलाय.” तिसऱ्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई मधेच हात घालून टोपली थांबवायच्या आणि पुस्तक चाळून पुढे सोडायच्या, काही पुस्तकं त्यांच्याकडेच राहिली. मग कौसर कस्टमच्या कचेरीत लागली, तिचं लग्न झालं, ती बाकोस वस्तीत राहायला गेली, माझं झालं नाही, घरमालकीणबाई गेल्या, कॅसेटी गेल्या. नसीमचे केस पांढरे होऊन पुन्हा काळे झाले. पण अल्बम आला की जोड्या लावायच्या हे चालूच राहिलं. टोपलीऐवजी मी ट्रामने पुस्तकं पोचवू लागले, एवढाच फरक. कौसर वाचायची म्हणजे खायची. तिच्याकडून आलेल्या पुस्तकात भोपळ्याच्या बियांची टरफलं, चहाची कडी, कधी तळलेल्या माशाचा वास. ग्रंथपाल म्हणून मी चाळीस वर्षं तिला बोलत आले. गेली दोनेक वर्षं मात्र पुस्तकं अगदी स्वच्छ परत येत होती, आणि उतारवयात का होईना बाई सुधारली, म्हणून मला केवढं समाधान वाटत होतं.

ईदला फोन आला. तिचं ऑपरेशन आधीच्या आठवड्यात झालं होतं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलेला, तो भोकावर टेकून राहावा म्हणून दोन आठवडे पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे, जेवतानाही मान वर नाही. “ओडेट,” ती म्हणाली, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, “नसीम आलाय. आठ गाणी. एक टाकाऊ आहे, बाकी सोनं. मला इथे फरशीशिवाय काही दिसत नाही, तेव्हा दुसरा उद्योग नाही. शुक्रवारी ये, आठही जोड्या घेऊन ये. आणि या खेपेला संतबिंत आणलास तर बघ.” मी खोकले. “तुला झालंय तरी काय? उपासानं वाळलीस का? रबाबबरोबर ईदचे कहक पाठवलेत.” तिच्या मुलीने, रबाबने, आणून दिलेला डबा फडताळावर वरच आहे, कहकच्या बिस्किटांत तूप असतं, ईस्टरपर्यंत त्याच्याकडे बघायचं फक्त. आता काय करायचं? गाणी ऐकायची नाहीत हे परमेश्वराला सांगून झालेलं, का ऐकत नाही हे कौसरला सांगायचं नाही, आणि आठ जोड्या हव्यात. दोन दिवस विचार करून मी असं ठरवलं की मी गाणी सोडलीत, गाण्यांची बातमी सोडलेली नाही. बातमी कुणाकडूनही घेता येते.

भाजीवाल्या साबिरला विचारलं, “नसीमचं ते ‘परत फोन करतो’ म्हणून गाणं आहे, ते कशावर आहे हो?” साबिरने हातातली वांगी खाली ठेवली. “बाई, ते ऐकू नका. एक माणूस आहे. बाई त्याला सोडून गेलीय. तो फोनजवळ बसलाय. वाजतो, पण तिचा नाही.” त्याचे डोळे भरून आले. “मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकान अर्धं ओढून घेतलं.” मी त्या गाण्याला बंदरावरच्या विधवेची जाड कादंबरी लावून टाकली. औषधांच्या दुकानातल्या मुलीला ‘तिसरा मजला’ विचारलं. ती म्हणाली, ते स्त्रीच्या स्वातंत्र्यावर आहे. तिच्या मालकाने आतून सांगितलं, लिफ्टवर आहे. दोघांचं ऐकून मी प्रवासवर्णन निवडलं. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एका बाईला ‘पांढरा शर्ट’ विचारलं तर तिने ते म्हणूनच दाखवायला तोंड उघडलं, आणि मी घाईने उठून मधल्याच स्टेशनवर उतरले. बाई माझ्याकडे खिडकीतून बघत राहिली, मी बहुधा तिला वेडी वाटले असेन. ‘मीठ’साठी मात्र कुणाला विचारायला लागलं नाही. ते माझ्या आतच कुठेतरी बिऱ्हाड करून होतं. भांडी घासताना, दाराला कडी लावताना, अगदी स्तोत्र म्हणताना दोन ओळींच्या मधल्या श्वासातसुद्धा ते डोकं वर काढायचं, आणि शुक्रवारी तर त्याने चर्च गाठलं.

तर त्याच शुक्रवारी, प्रार्थनेतून परस्पर, अंगाला अजून धुपाचा वास असताना मी बाकोसला गेले. रबाबने दार उघडलं. “ओडेटमावशी, बरं झालं आलात. अम्माने सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. फरशीवरच्या भेगा मोजते आणि मला भूगोल शिकवते.” आत कौसर पलंगावर आडवी पालथी, दोन गाद्यांमधल्या, खालची फळी काढलेल्या फटीत तोंड घालून. दिसत होती ती तिची पाठ, मेंदी लावलेले केस आणि तळव्यांच्या भेगा. चाळीस-पन्नास वर्षं जिच्या तोंडाकडे बघून बोलले तिच्या टाळूशी काय बोलायचं, मला सुचेना. “उभी काय आहेस मेणबत्तीसारखी,” गादीतून आवाज आला, “खाली ये.” मी सतरंजीवर बसले, मग वाकले, आणि शेवटी सरळ उताणी पडून पलंगाखाली सरकले. वर फटीतून कौसरचा चेहरा खाली लोंबत होता, गाल सुजलेले, डोळ्यावर जाळीची वाटी बांधलेली. “अरे वा,” ती म्हणाली, “केवढी म्हातारी झालीस गं. इथून सगळं दिसतं.” “तुला दिसतं?” मी एकदम विचारलं. “दिसत कुठलं. अंदाज आहे तो.” आणि ती हसली, तर तिच्या हसण्याने गादी हलली, आणि बुडबुडा सरकेल या भीतीने मी दोन्ही हात वर करून तिचे गाल धरले.

“रबाब, ते लाव गं,” ती म्हणाली. मी इतकी जोरात खोकले की पलंगाच्या लाकडाला कपाळ आपटलं. “नको नको. डोकं दुखतंय. तोंडीच करू.” कौसर म्हणाली, “बरं. तोंडी. ‘परत फोन करतो’?” मी बंदरावरच्या विधवेचं नाव सांगितलं. ते का शोभतं तेही सांगितलं, चांगलं रंगवून: वाट बघणं, रिकामं घर, वाजणारी पण आपली नसलेली घंटी. वरचा चेहरा हललाच नाही. “ओडेट,” ती हळूच म्हणाली, “ते गाणं सासूवर आहे.” “सासू?” “सासू फोन करत राहते आणि हा दर वेळी म्हणतो, परत करतो. मागे ढोल आहे. लोक टेबलावर चढून नाचतात त्यावर.” मी पलंगाच्या फळ्यांकडे बघत राहिले. “तुला साबिरनं सांगितलं ना? डबा द्यायला आली तेव्हा रबाबजवळही रडला तो. त्याची बायको मुलीच्या बाळंतपणाला आखातात गेलीय, येतच नाहीये. त्याला आता जाहिरातसुद्धा रडवते.” बोलण्यासारखं एवढंच होतं की मी ऐकलेलं नाही, आणि त्यापुढचा प्रश्न का हा असता. मी खोकलेसुद्धा नाही. आडवं पडून खोटं खोकता येत नाही, खरोखरचा ठसका लागतो. कौसरही पुढे काही विचारेना. बाहेर अजान झाली. रबाब स्वयंपाकघरात गेली.

“बरं, माझी ऐक,” शेवटी ती म्हणाली. “‘तिसरा मजला’ला मी तुझा तो कस्टमचा कारकून लावलाय. गेल्या वर्षी दिलेलं पुस्तक. काय पुस्तक आहे, अगदी आमच्या कचेरीवरच लिहिल्यासारखं. तो बसून बसून वाळतो आणि शेवटी राजीनामा साहेबाच्या तोंडावर फेकून बोटीवर चढतो ना, त्या जागी माझ्या अंगावर काटा आला.” मी म्हटलं, “हो.” काय करणार? त्या पुस्तकात कारकून बोटीवर चढत नाही. तो कुठेच जात नाही. शेवटच्या पानावर त्याला बढती मिळते आणि त्याचं टेबल खिडकीजवळ सरकवतात, बस्स, तिथे पुस्तक संपतं. बोट फक्त मुखपृष्ठावर आहे, मोठी, निळी, अधू डोळ्यालाही दिसेल अशी. आणि मग पलंगाखाली पडल्या पडल्या मला ती सगळी स्वच्छ पुस्तकं दिसायला लागली, एकामागून एक, टरफल नाही, चहाचं कडं नाही, माशाचा वास नाही. दोन वर्षं ती पुस्तकं मी ट्रामने नेत होते, आणि कौसर ती उशाशी ठेवून, मुखपृष्ठावर बोट फिरवून, मलपृष्ठ बहुधा रबाबकडून वाचून घेऊन, मला परत देत होती, आणि वर दर खेपेला म्हणत होती, आणखी आण. मला आधी राग आला. नंतर राग कुणाचा आला ते कळेना. मी स्वच्छतेबद्दल तिचं कौतुक केलं होतं, दोनदा. तेव्हा ती म्हणाली होती, “हो बाई, शिकले आता.”

“त्याचा शेवट तसा नाहीये,” मी म्हटलं. तोंडून निघून गेलं. “कसा आहे मग?” “तो कुठेही जात नाही. टेबल खिडकीशी येतं.” “एवढंच?” “एवढंच.” जाळीच्या वाटीखालून पाणी आलं, ते औषधाचं होतं की कसलं, माझ्या हनुवटीवर टपकलं. “माझा शेवट बरा आहे,” ती म्हणाली. “तुझा बरा आहे,” मी म्हटलं, “पण छापलेला तो आहे.” आणि मग कोण आधी हसलं सांगता येणार नाही. रबाब धावत आली, “अम्मा, हलू नकोस, मावशी, तिला हसवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय,” आणि तिला दिसलं ते एवढंच की एक म्हातारी पलंगावर पालथी आणि एक पलंगाखाली उताणी, आणि पलंग थरथरतोय.

हसणं ओसरल्यावर कौसर म्हणाली, “तुझा सण कधी आहे?” मी तारीख सांगितली. “तोपर्यंत गाणी राहू देत. मी काही विचारत नाही. रमजानचे तीस दिवस मीही पाण्याशिवाय बसते, मला कळतं.” मग अगदी वेगळ्या आवाजात: “बुधवारी पट्टी काढून बघणार आहेत. नाही बुजलं तर, ओडेट, तू पुस्तकं आणायची बंद करणार नाहीस ना? मी नुसती उशाशी ठेवीन.” माझ्या मनात नवस आला, झांजा आल्या, फिफीबाईंची गिरकी आली. ‘परमेश्वर बघतोय’ असं काहीतरी म्हणावं असंही मनात आलं. पण तिच्याजवळ ते म्हणवेना. मी म्हटलं, “आणणार. आणि वाचून दाखवणार. उद्यापासून, रोज. भोक बुजो की न बुजो. कस्टमवाल्यापासून सुरू करू, पहिल्या पानापासून.” “त्याचा शेवट रद्दी आहे.” “असू दे.” “आणि मोठ्यानं वाचायचं हं. तुझा आवाज म्हणजे दाराखालून आलेली चिठ्ठी. मला कान लावून कान लावून मानेत गोळा यायचा.” “मोठ्यानं वाचीन.” “शपथ?” “आम्ही शपथ घेत नाही,” मी म्हटलं, “येतो म्हटलं की येतो.”

शनिवारी सकाळी स्तोत्रं संपवून मी फिफीबाईंना फोन केला की आज स्तोत्रांच्या सरावाला येता येणार नाही. त्या म्हणाल्या, “अहो पण ती मठातली चाल आम्हाला बसवून द्यायला पाहिजे.” मी म्हटलं, “ती मठातली नाही, फिफीबाई. माझ्याकडून चुकून आली. आपली जुनीच घ्या,” आणि त्यांनी पुढे काही विचारायच्या आत, न खोकता, फोन ठेवला. कपाटातून कस्टमवाला काढला. पिशवीत पुस्तक, चष्मा, पाण्याची बाटली, मानेखाली घ्यायला लहान उशी. भोपळ्याच्या बियांची एक पुडी आदल्या संध्याकाळीच साबिरकडून घेऊन ठेवली होती, तीही टाकली, पालथ्या माणसाला बिया खाता येतात का हे त्याला विचारलं तर तो म्हणाला होता, बाई, प्रयत्न करायला काय हरकत आहे. दार ओढून घेतलं. जिन्यात कुणी नव्हतं. पहिल्या पायरीवर उभी राहून मी पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं; ते मलाच नीट ऐकू आलं नाही. एक पायरी उतरून पुन्हा वाचलं, जरा चढ्या आवाजात. मग आणखी एक पायरी. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं, शेजारीण डोकावली, माझ्याकडे आणि पिशवीतल्या उशीकडे बघून म्हणाली, “तासोनी, काही हवंय का?” मी म्हटलं, “नाही, जाऊन येते,” आणि बोट पानात ठेवून ट्रामकडे निघाले.